गाडीच्या पत्र्याच्या कामासाठी घरी कोणतं छोटं वेल्डिंग मशीन घ्यावं?

जुन्या गाडीच्या दारांचा गंजलेला खालचा भाग घरीच बदलायचा आहे, तर गॅसवालं मिग (रॉडऐवजी गनमधून आपोआप वायर सरकवणारं मशीन) घ्यावं की बिनगॅसचं, आणि जास्तीत जास्त किती अँपिअरचं, असं तुम्ही विचारलंय.

गॅसवालं घ्या. अँपिअरचं मात्र तुम्ही उलटं विचारताय. मीही एकेकाळी असंच उलटं विचारलं होतं, म्हणून तर लिहायला बसलो.

माझे दाजी फॅब्रिकेटर. उभी हयात अँगल-चॅनल जोडण्यात गेलेली. "२०० अँपिअरच्या खाली घेऊ नकोस, ती खेळणी असतात," म्हणाले. त्यांच्या शब्दावर रॉडने वेल्डिंग करायचं आर्क मशीन आणलं. डाव्या दाराचा सडलेला पत्रा कापला, नवा तुकडा बसवला, अडीच एमएमचा रॉड टेकवला आणि बोट जाईल एवढं भोक! ते भरायला गेलो तर कडेचा पत्रा वितळला. करंट उतरवला तर रॉड चिकटायला लागला. दाजी शेजारी उभे. "हात जड आहे तुझा." अहो, दाराचा पत्रा ०.७-०.८ एमएमचा, आणि त्या रॉडला नीट जळायलाच साठ-सत्तर अँपिअर लागतात. हात काय करणार तिथे?

मग दाजींनीच सुचवलं, बिनगॅसचं मिग घे, सिलिंडरची कटकट नाही. घेतलं. भोकं कमी झाली, हे कबूल. पण ०.९ एमएमची फ्लक्स वायर (गॅसऐवजी आत पूड भरलेली), सगळीकडे वितळलेल्या धातूचे छर्रे, वर स्लॅगची खपली. त्यात मी कंटाळून वीतभर सलग टाका ओढला. दार गार झालं तेव्हा पत्र्याला पोट आलेलं. दाबलं की आत, सोडलं की 'टक्क' करून बाहेर. त्यावर पुट्टी थापली. दोन पावसाळ्यांत ती पापुद्र्यासारखी सुटली. दाजींचं म्हणणं, पुट्टी हलकी होती.

उजव्या दाराच्या वेळी कुणालाच विचारलं नाही. गॅसवालं मिग कमीत कमी किती अँपिअरवर स्थिर चालतं, एवढंच पाहिलं. ३० पर्यंत उतरलं पाहिजे. वर १४० असले तरी पुष्कळ. व्होल्टेजचं बटण चार पायऱ्यांचं नको, कारण नेमकी हवी ती जागा दोन पायऱ्यांच्या मधे येते. वायर ०.६ एमएमची, आणि वायर पुढे ढकलणाऱ्या फीड रोलरची खाचही ०.६ चीच, नाहीतर वायर घसरते. गॅस आर्गॉन-सीओटू मिश्रण, आर्गॉन ७५ ते ८० टक्के. नुसत्या सीओटूवरही जुळतं, पण छर्रे वाढतात. ड्युटी सायकल २० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटं वेल्डिंग, असं वाचून घाबरू नका. पत्र्यावर सलग दोन मिनिटं वेल्डिंग करायचंच नसतं. सेकंदभराचा एक टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा टाका, मग लांब दुसऱ्या टोकाला. मधली जागा हाताला सोसेल इतकी गार झाली की तिथे पुढचा. फट राहिली तर मागे तांब्याची पट्टी धरा, तिला वेल्ड चिकटत नाही. त्या एका दाराला अख्खा दिवस गेला, पण पोट आलं नाही. हात तोच होता, दाजी!

टिग? सुंदर काम होतं, पण एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भरायची तार, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, वर पाय पेडलवर. दाराखाली आडवं पडून करून दाखवा.

आता राहिलेलं. उघड्यावर वाऱ्यात काम करणार असाल तर गॅस उडून जातो, तिथे फ्लक्स वायरच बरी, एवढं दाजींच्या बाजूने. मशीन दोन्ही प्रकारचं असेल तर वायर बदलताना पोलॅरिटीही बदला: साध्या वायरला गन पॉझिटिव्हवर, बिनगॅसच्या वायरला बहुतेक वेळा निगेटिव्हवर. बॅटरी सोडवा, दाराच्या आतलं अस्तर काढा, पाणी जवळ ठेवा. जस्ताचा मुलामा घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि चॅसी, पिलर यांना घरी हात लावू नका, ते माझ्या मशीनचंही काम नाही आणि दाजींच्याही.

डावं दार अजून तसंच आहे. दाजी आले की मुद्दाम त्याच बाजूने बसवतो.