गोठलेलं इन्सुलिन

प्रश्न : आमच्या घरच्या औषधदुकानातल्या फ्रिजमध्ये मागे ठेवलेलं इन्सुलिन गोठलं. वितळल्यावर विकता येईल का?

उत्तर : नाही. दिसायला ठीक वाटलं तरी त्याच्या परिणामाची खात्री उरत नाही. ते बादच करा. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवं. खोकी मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरच्या कप्प्याला टेकू देऊ नका, गोठण्याचं कारण बहुधा तेच. दारातही नको, तिथं तापमान सारखं वरखाली होतं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरवून तो रीसेट करा. हे विसरलात तर कालचाच आकडा आज पुन्हा लिहाल. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, की वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. जेवणाचा डबा मात्र या फ्रिजमध्ये अजिबात नको, त्यापायी दार दहादा उघडतं.