दाळमिलच्या ऑफिससाठी रॅक: यू मोजण्याआधी डेप्थ मोजा

नमस्कार भाऊ. रॅक, म्हणजे सर्व्हर-स्विच बसवायचं लोखंडी कपाट, कुठला घ्यावा असं तुम्ही विचारलंय. तुमचं सामान तुम्ही लिहिलंय ते असं: एक २यू सर्व्हर (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), २४ पोर्टचा स्विच, १६ कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), राउटर आणि ३ केव्हीएचा यूपीएस. जागा लातूर एमआयडीसीतल्या मिलचं ऑफिस. एक दुकानदार म्हणतो भिंतीवरचा ९यू पुरेल, दुसरा म्हणतो ४२यूच घ्या. माझं ऐकाल तर दोन्ही नको. २४यू, ६०० मिमी रुंद, १००० मिमी डेप्थचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक घ्या.

सगळे यू मोजत बसतात, पण घोटाळा होतो तो डेप्थमध्ये. भिंतीवरचे रॅक ४५० ते ६०० मिमी डेप्थचे असतात, ते स्विच आणि पॅच पॅनलसाठी (नेटवर्कच्या वायरी जिथं येऊन जोडतात ती पट्टी) बनवलेले. २यू सर्व्हर एकटाच साधारण ७०० ते ७५० मिमी लांब असतो. त्यामागे पॉवर कॉर्ड आणि नेटवर्कच्या वायरी वळायला निदान १५० मिमी पाहिजेत. म्हणजे ८०० मिमीचा रॅकही अडचणीचाच.

जालन्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ६०० चा रॅक आधीच घेऊन टाकलेला, सर्व्हर मागून वीतभर बाहेर, म्हणून मागचं दार काढून ठेवलेलं. सर्व्हर सारखा गरम होऊन बंद पडायचा. उघडला तर पंख्यांच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंची जाड गादी बसलेली, बोटानं ओढली तर अख्खी सोलून निघाली. तुमच्याकडे कापूस नाही, पण डाळीची भुकटी त्याहून बारीक असते. रॅकची खोली मिलच्या बाजूला उघडू देऊ नका, दाराखालची फटसुद्धा बुजवा.

आता यूचा हिशोब. एक यू म्हणजे १.७५ इंच. सर्व्हर २, स्विच १, पॅच पॅनल १, केबल मॅनेजर (वायरी नीट लावायची पट्टी) १, एनव्हीआर ट्रे धरून ३, राउटरचा ट्रे २, यूपीएस ३. झाले १३. पुढं दुसरा सर्व्हर, एनएएस (फायली साठवायचा नेटवर्कवरचा डबा), वाढलेले कॅमेरे आले तरी २४ मध्ये आरामात बसतं. मोकळ्या जागेवर ब्लँकिंग प्लेट, म्हणजे झाकणाची पट्टी, लावा, नाहीतर मागची गरम हवा पुढं येऊन सर्व्हर तीच ओढतो. ४२यू मध्ये निम्म्याहून जास्त रॅक रिकामा राहील. शिवाय तो बाहेरून दोन मीटरच्या आसपास किंवा जास्त उंच असतो, साडेसहा फुटी दारातून उभा जात नाही.

दारं पुढून-मागून जाळीचीच घ्या. काचेचं दार दिसायला छान, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. लाइट गेली की एसी बंद, यूपीएसवर सर्व्हर मात्र चालूच, आणि बंद काचेआड उष्णता कोंडते. सर्व्हरसमोरची हवा १८ ते २७ अंशांत ठेवायची असते. तुमचं सामान ७००-८०० वॉटचं धरलं तरी एक टनाचा एसी त्याला भरपूर आहे.

यूपीएस सगळ्यात खाली बसवा, वजनामुळे. बाहेरच्या बॅटऱ्या असतील तर वेगळ्या स्टँडवर. आणि रॅक चाकांवर सोडू नका, अँकर बोल्टनं फरशीला पक्का करा. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते लातूरकरांना सांगायची गरज नाही. रॅकच्या बॉडीला अर्थिंगची वायर जोडा, दारांनाही. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते, तेव्हा खड्ड्यात पाणी सोडत जा आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तपासून घ्या.

ऑर्डर देण्याआधी सर्व्हरचं मॉडेल आणि दाराचं माप इथं टाका, रेल (सर्व्हर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) बसतील की नाही ते बघून सांगतो.