हातातलं गेमिंग यंत्र, खारी हवा आणि हेडफोनमधली खरखर

पावसाळा सरत आला की माझ्याकडे एका तक्रारीची पत्रं हटकून वाढतात: हातात धरून खेळायच्या कन्सोलला हेडफोन लावला की खरखर येते. यावेळी त्यातले पाच प्रश्न घेतोय. विनंती एवढीच, की आवाज कधी येतो आणि काय केल्यावर बदलतो, हे जरूर कळवा. नुसतं "खरखर येते" म्हटलंत तर मी काहीच सांगू शकत नाही. "पिन फिरवली की येते" म्हटलंत, की अर्धं निदान तिथेच होतं.

प्रश्न (मालवण): आमचं घर अगदी किनाऱ्यालगत आहे. कन्सोल दोन वर्षांचा. जून संपल्यापासून हेडफोनची पिन जराशी हलली तरी चरचर होते, कधी डावा कान बंदच पडतो. दुसरा हेडफोन लावून पाहिला, तेच. मेडिकलमधून स्पिरिट आणून कापसाने पुसलं. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दुसरा हेडफोन लावून पाहिलात हे उत्तम केलंत. बिघाड कन्सोलच्या जॅकमध्ये आहे हे त्यावरून ठरलं, आणि त्याचं कारण तुम्हाला स्वयंपाकघरात रोज दिसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच जॅकमध्ये होतंय. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आपल्याकडे पावसाचे चार महिने हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. उन्हाळाभर वाऱ्याबरोबर येऊन जॅकमध्ये बसलेले मिठाचे कण कोरडे असेपर्यंत गप्प राहतात. पाऊस लागला की त्यांचं खारं पाणी होतं.

जॅकच्या आत तांब्याच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात आणि त्यांवर अगदी पातळ मुलामा. पिन सतत आत-बाहेर करून मुलामा झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि खाऱ्या पाण्याने त्यावर कळंक चढतो, कल्हई गेलेल्या भांड्यावर चढतो तसाच. मागे असाच एक जॅक खोलून भिंगाखाली धरला होता. पिनेच्या टोकाला टेकणाऱ्या पट्टीवर मोहरीच्या दाण्याहून लहान हिरवा ठिपका होता, बाकी सगळं लख्ख. पिनेचं टोक म्हणजे डावा कान. पिन फिरली की टोक त्या ठिपक्यावरून सरकायचं आणि कानात चर्र व्हायचं. तुमचाही डावाच कान जातो, म्हणून मला तीच जागा संशयास्पद वाटते.

आता स्पिरिटने दोनच दिवस का बरं वाटलं? अल्कोहोलने तेलकट मळ निघतो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. मिठाला पाणीच लागतं. शिवाय कापसाचे तंतू आत अडकतात ते वेगळंच. म्हणून असं करा. कन्सोल पूर्ण बंद करा, नुसता स्लीपवर ठेवू नका. चार्जर काढा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात असेलच. दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश त्यात बुडवून झटका, ओलसर राहील इतपतच, थेंब गळता कामा नये. जॅकचं तोंड खाली धरून ब्रश आत हलकेच फिरवा, कोरड्या सुती कापडावर पुसा, असं तीन-चार वेळा. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेच पुन्हा करा, म्हणजे उरलेलं पाणी ते घेऊन जाईल. जुन्या हेडफोनची पिन अल्कोहोलने ओली करून दहा-पंधरा वेळा आत घालून फिरवा आणि दर वेळी पुसा. कापडावर हिरवट-काळं उतरायला लागलं की समजा, योग्य जागी पोचलात. मग रात्रभर पंख्याखाली ठेवा. हँड सॅनिटायझर मात्र वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो.

एवढं करूनही आठवड्याभरात खरखर परतली, तर पट्टी खाल्ली गेली आहे. मग जॅक बदलायचा. सुटा भाग महाग नसतो, काम कौशल्याचं असतं: जुना जॅक ओढून काढला तर बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उचकटतात. कारागिराकडे हॉट एअर, म्हणजे गरम हवेने डाग वितळवायचं यंत्र, आहे का, तेवढं विचारून घ्या.

नवा जॅक बसवल्यावर कन्सोल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवत जा. जेल दर पंधरवड्याला तापवून कोरडं करावं लागतं. तांदळात ठेवू नका. त्याची पिठी जॅकमध्ये बसते आणि ओल धरते.

प्रश्न (राजापूर): कन्सोल चार्जिंगला लावून खेळलो की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. चार्जर काढला की शांत. चार्जिंग चालू असताना धातूच्या भागाला बोट लागलं की झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात त्रास जास्त. घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे.

तुमचा जॅक ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. दोन पिनांच्या बहुतेक चार्जरमध्ये विजेची बाजू आणि बाहेरची बाजू यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह पलीकडे झिरपतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो कन्सोल, हेडफोन आणि तुमचं शरीर यांतून वाट शोधतो. खात्री करायची तर पॉवर बँकेवर लावून खेळून बघा. आवाज गेला, तर गुन्हेगार चार्जरच.

उपाय म्हणजे चांगल्या प्रतीचा, तीन पिनांचा, अर्थची तार पुढेपर्यंत नेणारा चार्जर. पण घराचं अर्थिंगच निकामी असेल तर तिसऱ्या पिनेचा उपयोग काय? सड्यावर नेमकी तीच अडचण आहे. वर हातभर माती, खाली कातळ. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो ओल धरून ठेवायला, आणि एप्रिल-मे मध्ये ती ओलच राहत नाही. तुमचा त्रास उन्हाळ्यात वाढतो याचं कारण मला हेच दिसतं. खड्ड्यात दोन-चार दिवसांआड बादलीभर पाणी ओता आणि वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. हे हेडफोनपुरतं नाही. त्याच अर्थिंगवर तुमचा गीझर आणि पाण्याचा पंप चालतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. झिणझिण्यांऐवजी कधी जोराचा झटका बसला, तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला काढा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज वाढतो का, तेही पाहा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुमणं वाढतं, साइन वेव्हवर सहसा नाही.

प्रश्न (देवगड): मुलगा आठवीत आहे. त्याच्या कन्सोलमध्ये संगीत ऐकू येतं पण माणसांचं बोलणं गायब, विहिरीतून आल्यासारखं. मधूनच खरखर. कन्सोल बिघडला, नवा घ्या, असा हट्ट धरून बसलाय. काय करू?

ताई, इतक्यात नवा घेऊ नका. बोलणं तेवढं गायब होणं ही फार नेमकी खूण आहे. संवाद दोन्ही कानांत सारखाच पाठवलेला असतो. दोन्ही कानांची सामायिक परतीची तार, म्हणजे ग्राउंड, तुटली की डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. जे दोन्हीकडे सारखं, ते एकमेकांना खाऊन टाकतं.

मुलाला सांगा, हेडफोनच्या वायरवर माईकचं बटण असेल तर ते दाबून धर. बोलणं लगेच परत आलं, तर हेडफोनची पिन या कन्सोलसाठी नाही. माईकवाल्या पिनेवर चार भाग असतात आणि त्यांतल्या शेवटच्या दोघांच्या, म्हणजे माईक आणि ग्राउंडच्या, जागा ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. आज सर्रास पहिलीच चालते, जुने किंवा स्वस्तातले हेडफोन कधी दुसरीचे निघतात. मग फक्त हेडफोन बदला.

बटण दाबून फरक पडला नाही, तर पिन पूर्ण आत जात नसावी. कन्सोलला जाड कव्हर असेल तर ते काढून बघा. जॅकच्या तळाशी दप्तरातला, खिशातला कचरा दडपून बसतो. कन्सोल बंद करून लाकडी दातकोरणीने तो हळूच उकरून काढा. पिन "टक्" आवाज करून बसली पाहिजे. हे तुमचा मुलगा स्वतः करू शकेल, त्यालाच करू द्या.

प्रश्न (अलिबाग): नवीन, कानात बसणारे इअरफोन घेतले. गेम शांत असताना बारीक "सूं" ऐकू येतं. जुन्या मोठ्या हेडफोनमध्ये येत नाही.

बिघाड काहीच नाही. तुमचे नवे इअरफोन फार संवेदनशील आहेत, कन्सोलच्या ॲम्प्लिफायरची मूळ सळसळही ते ऐकवतात. आवाज कमी-जास्त केल्याने ही "सूं" बदलत नाही, तीच तिची ओळख. खटकत असेल तर यूएसबी-सीला लावायचा छोटा ॲडाप्टर घ्या, पण आत डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचा ध्वनी करणारी चिप, असलेलाच.

प्रश्न (चिपळूण): मोठे गेम चालू असतानाच कडकड आवाज येतो. मेनूमध्ये नाही, साध्या गेममध्ये नाही. ब्लूटूथ हेडफोनलाही तसंच. जॅक बदलून घेऊ का?

अजिबात नको. ब्लूटूथवरही तेच होतं म्हटल्यावर जॅकचा संबंधच संपला. हा प्रोसेसरच्या दमछाकीचा आवाज आहे. ध्वनी आधी एका छोट्या टाकीत, म्हणजे बफरमध्ये, भरला जातो आणि तिथून कानापर्यंत येतो. प्रोसेसर गेममध्ये गुंतला आणि टाकी वेळेत भरली नाही, की रिकाम्या नळासारखी फुरफुर ऐकू येते. २०२२ साली आलेल्या स्टीम डेकसारख्या यंत्रांत हे काम पाइपवायर नावाची प्रणाली करते, आणि तिथेही कारण बहुधा हेच निघतं.

सिस्टीम अपडेट करा. स्लीपमधून उठवून खेळायची सवय असेल तर एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, ६० वरून ४० वर आणा. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसरची वीज मर्यादित केली असेल, तर ती मर्यादा थोडी वाढवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तरीही कडकड राहिली तर कोणता गेम, किती वेळाने सुरू होते आणि बॅटरीवर की चार्जरवर, हे लिहून पाठवा.