अकरानंतरचा मग

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री अकराला कॉफीचा तिसरा मग, एकपर्यंत जीवशास्त्र, आणि सकाळी एवढंच आठवतं की तो मजकूर डाव्या पानावर वरच्या कोपऱ्यात होता. काय होता, ते नाही. आणि तरी तुझा प्रश्न काय, तर स्मरणासाठी चहा बरा की कॉफी! अगं बाळा, आधी झोप किती घेतलीस ते सांग.

जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते पेशींवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसलं की डोळे जड होतात. कॅफिन त्याच जागा अडवून बसतं, म्हणून थकवा कळत नाही. पेट्रोल संपत आल्याचा दिवा झाकला म्हणून टाकी भरत नाही. शिवाय अंगातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. अकराच्या मगातलं निम्मं पहाटे चारला अंगात असतं. वाचलेलं पक्कं होतं ते गाढ झोपेत, आणि तुझी कात्री चालते नेमकी तिच्यावर.

2014 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रं दाखवल्यानंतर 200 मिलिग्रॅम कॅफिन दिलं. दुसऱ्या दिवशी मिळतीजुळती चित्रं वेगळी ओळखणं थोडं सुधारलं. पण ती माणसं एरवी कॅफिन फारसं न घेणारी होती. तू तिसऱ्या मगावर आहेस. त्याआधी, 2013 च्या एका प्रयोगात, झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅमनीही तासाभराहून जास्त झोप खाल्ली होती. झोप आधी, कप नंतर. कितीदा सांगू?

चहाशी माझं वैर नाही. कपात कॉफीच्या साधारण निम्मंच कॅफिन, सोबत थिअनिन नावाचं चहातलंच एक द्रव्य. दोन्ही मिळून लक्ष जरा टिकतं. सकाळी खुशाल घे. मी मात्र दुपारी दोननंतर कपाला शिवत नाही, कुणाच्या घरी गेले तरी नाही. लोकांना तो शिष्टपणा वाटतो, वाटू दे. माझ्या परीक्षांच्या वर्षांत असं बजावणारं कुणी असतं तर, ही हळहळ अजून जात नाही, म्हणून तुझ्यामागे लागले आहे.

एकदम सोडू नकोस, डोकं दुखेल. आधी रात्रीचा मग बंद, मग संध्याकाळचा. पुस्तक अकराला मिटायचं, पान अर्धं राहिलं तरी. आणि पुढच्या पत्रात रोज किती तास झोपलीस तेवढं लिही. गुण मी नंतर विचारेन.