अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील पाणी: डोके वाढण्याची वाट पाहावी का?

आपले बाळ 28व्या आठवड्यात जन्मले, तिसऱ्या दिवशी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि आता पाण्याच्या पोकळ्या रुंदावल्या आहेत. डोक्याचा घेर नेहमीच्या गतीने वाढत असताना डॉक्टर रिझर्व्हॉयर (साचलेले पाणी काढण्यासाठी कातडीखाली बसवायची छोटी घुमटी) बसवण्याची घाई का करतात, असे आपण विचारले आहे. नवजात अतिदक्षता विभागात काम करताना हाच प्रश्न मी कितीतरी आईवडिलांकडून ऐकला आहे.

अशा बाळाचा मेंदू मऊ आणि पाणीदार असल्यामुळे साचणारे पाणी आधी मेंदूलाच दाबते. कवटीचे सांधे फाकून घेर वाढू लागतो तो नंतर, कित्येकदा एक-दोन आठवड्यांनी. म्हणून टेपपेक्षा सोनोग्राफीवर भिस्त ठेवावी. टाळू उघडी आहे तोवर बाळाला पेटीतून न हलवता तिच्यावर प्रोब टेकवून पोकळी मोजता येते. सीटी स्कॅनचे किरण या वयात टाळलेलेच बरे. एमआरआय पुढे, मेंदूला किती इजा झाली हे पाहण्यासाठी उपयोगी पडतो.

मध्यरेषेपासून पोकळीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर त्या आठवड्याच्या 97व्या पर्सेंटाइलपलीकडे (म्हणजे त्या वयाच्या 100 पैकी 97 बाळांत ज्याच्या आत माप असते, त्या रेषेपलीकडे) जाऊन आणखी 4 मिलिमीटर वाढेपर्यंत पूर्वी अनेक ठिकाणी थांबत असत. एल्व्हिस या 126 बाळांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एका गटावर 97वी रेषा ओलांडताच आणि पोकळीच्या पुढच्या टोकाची (पुढच्या शिंगाची) रुंदी 6 मिलिमीटरपलीकडे जाताच उपचार सुरू केले. दुसऱ्या गटात पूर्वीसारखेच थांबले. मृत्यू किंवा शंट (पाणी पोटात सोडणारी कायमची नळी) यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. मात्र दोन वर्षांच्या वयातील तपासणीचा कल लवकर उपचारांच्या बाजूने होता. माझेही मत तेच आहे.

रिझर्व्हॉयर म्हणजे शंट नव्हे. डोक्याच्या कातडीखाली एक छोटी घुमटी बसवतात आणि तिच्यात बारीक सुई घालून एका वेळी बाळाच्या वजनाच्या साधारण किलोमागे 10 मिलिलिटर पाणी सावकाश काढतात. फुगलेली टाळू तेव्हा बोटाखाली हळूहळू खाली बसते आणि फाकलेली हाडे पुन्हा जवळ येतात. काही बाळांचे एवढ्यावरच भागते. उरलेल्यांना पोटात पाणी सोडणारा कायमचा शंट लागतो. तो मात्र वजन दोन-अडीच किलो होऊन पाण्यातील रक्त व प्रथिने कमी झाल्यावरच बसवावा, नाहीतर नळी तुंबण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शंटऐवजी दुर्बिणीतून केवळ छिद्र पाडून पाण्याला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया इतक्या लहान वयात बहुधा टिकत नाही.

खर्चाची काळजी असेल तर शाहजहानपूरला बनणाऱ्या स्वस्त छाब्रा शंटबद्दल जरूर विचारावे. युगांडात त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली, तेव्हा परिणामांत फरक आढळला नाही.

तूर्त डॉक्टरांकडून पोकळीच्या मापांचा आलेख मागून घ्यावा आणि आजचे माप कोणत्या रेषेवर आहे, ते त्यांच्यासोबत बसून पाहावे. टाळू ताठ झाली, श्वास मध्येच थांबू लागला किंवा डोळे खाली वळलेले राहू लागले, तर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबू नये.