पालकांना कळवायचं, पण किती आणि कसं?

पहिली-दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना? मग रोज लांबलचक मेसेज पाठवायच्या फंदात पडू नकोस. मीही सुरुवातीला तेच केलं. महिन्याभरात कुणी वाचेनासं झालं आणि सहामाहीची तारीखही त्या गर्दीत हरवली. आठवड्याचा एक वार ठरव, त्याच दिवशी पाठव, आणि तारीख, वेळ, सोबत काय आणायचं हे सगळ्यात वर लिही.

खरी मेख अभ्यासाच्या मजकुरात आहे. "या आठवड्यात वजाबाकी घेतली" यातून पालकांना काहीच कळत नाही. घरी "आज काय शिकलास?" विचारलं की पोर "काही नाही" म्हणून मोकळं! त्याऐवजी विचारायला नेमका प्रश्न दे: "३२ मधून १८ वजा करताना एक दशक सुटा का करायचा, मला दाखव बरं." सोबत वर्गातल्या पद्धतीने सोडवलेल्या एका गणिताचा फोटो जोड. नाहीतर आई आपल्या जुन्या पद्धतीने शिकवते, बाई वेगळ्या, आणि मूल मधल्यामध्ये गोंधळतं.

एखाद्या मुलाबद्दलचं काहीही ग्रुपवर नको, कौतुकसुद्धा जपून. तक्रारीचा फोन करायची वेळ येण्याआधी एक चांगल्या बातमीचा फोन झालेला असू दे. पुढचं बोलणं खूप सोपं जातं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना आवाजी मेसेज पाठव.

आणि रात्री दहाला आलेल्या "उद्या डब्यात काय?"ला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं.