वाचकांचे प्रश्न : गेम पार्लर कुठे गेली?

गेल्या अंकात पिक्चर ट्यूबच्या टीव्हीबद्दल लिहिताना मी ओघात सांगून गेलो की, १९९० च्या दशकात नाशिकमधल्या गेम पार्लरची यंत्रे दुरुस्त करून माझ्या दुकानाचे निम्मे भाडे निघत असे. मूळ लेखावर आली नाहीत तितकी पत्रे त्या एका वाक्यावर आली. त्यांतल्या तिघांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : १९९५ ते २००० या काळात शालिमार, सीबीएस आणि नाशिकरोड परिसरात गल्लोगल्ली गेम पार्लर होती, आज एकही दिसत नाही. मोबाइलने ती संपवली असे सगळे म्हणतात, ते खरे आहे का? मी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला हौसेने मोबाइलवर ‘मुस्तफा’ खेळायला दिला. त्याने तासाभरात तो संपवला आणि ‘यात एवढे काय होते?’ असे विचारले. शालिमारच्या यंत्रावर सर्वाधिक गुणांच्या यादीत माझी तीन अक्षरे दोन महिने पहिल्या क्रमांकावर होती, हेही त्याला पटत नाही. माझीच आठवण खोटी आहे का? — एक वाचक, सिडको

उत्तर : मोबाइलवर आळ घेणे सोपे आहे, पण तारखा जुळत नाहीत. नाशिकमधल्या मुलांच्या हाती स्मार्टफोन आले तोपर्यंत आपण म्हणता ती पार्लर बंद होऊन काही वर्षे लोटली होती. माझ्याकडे येणारी कामे २००१-०२ पासूनच रोडावली.

पार्लरमालक मिनिटे विकत असे, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सगळे उलगडते. एका रुपयात गिऱ्हाईक जितका कमी वेळ यंत्रापुढे उभे राहील तितकी कमाई जास्त. म्हणून यंत्राच्या आतल्या, खेळ चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरच बारीक स्विचांची एक ओळ असे, तिला डिप स्विच म्हणतात. त्यांतला एखादा खालीवर केला की खेळाडूला तीनऐवजी दोनच लाइफ मिळत किंवा शत्रू अधिक चिवट होत. मे महिन्याच्या सुट्टीआधी मला पार्लरमधून बोलावणे येई ते बरेचदा याच कामासाठी. एखाद्या सुट्टीत आपला ‘हात बसत नाही’ असे आपल्याला वाटले असेल, तर त्याचे थोडेफार पाप माझ्याही पदरी आहे.

ज्याला आपण सगळे मुस्तफा म्हणतो त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मुस्तफा हा त्यातल्या चार पात्रांपैकी पिवळी टोपी घालणारा. तो धावत येऊन लाथ मारतो म्हणून प्रत्येकाला तोच हवा असे, आणि आपल्याकडच्या मुलांनी खेळाचेच बारसे त्याच्या नावाने करून टाकले. यात तिघे जण एकत्र येऊन शत्रूशी लढतात. मुलांना हे फार आवडे, मालकाला मात्र त्यात एक खोट होती : मुरलेला मुलगा एका रुपयात यंत्र अडवून पाऊण तास उभा राहू शके. म्हणूनच १९९७ मध्ये एसएनके कंपनीचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ निघाला आणि पुढे आपल्याकडे पोहोचला, तेव्हा मालकांचे चेहरे उजळले. त्यात दोघे एकमेकांशी लढतात, थोड्याच वेळात दोघांपैकी एकाला हरावेच लागते, आणि हरलेला मुलगा अपमान गिळण्यापेक्षा दुसरा रुपया काढणे पसंत करतो.

या धंद्याचे दुखणे नाण्यातच होते. किराणा दुकानदार भाव थोडाथोडा चढवत नेऊ शकतो. यंत्राच्या फटीत मात्र एक नाणे जाते किंवा दोन जातात, मधला भाव नसतो. दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि गल्ल्यावरच्या पोराचा पगार वाढत गेला तरी आपल्याकडे डाव कित्येक वर्षे रुपयालाच राहिला, कारण एकाने दोन रुपये केले की मुले पलीकडच्या गल्लीत जात. जिथे या खेळांचे माहेर, त्या जपानमध्येही हेच घडले. तिथे डावाला १०० येनचे नाणे हा दर रूढ होऊन बसला होता. १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झालेला उपभोग कर १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि २०१९ मध्ये १० टक्क्यांवर गेला, पण ११० येनचे नाणे काही निघाले नाही, त्यामुळे तो भार बहुतेक चालकांनीच सोसला. सेगासारख्या कंपनीने २०२० च्या अखेरीस आपल्या गेम सेंटरच्या व्यवसायातला बहुतांश हिस्सा विकला आणि २०२२ च्या आरंभी उरलासुरलाही विकून टाकला. महासाथीने शेवटचा धक्का दिला एवढेच. आजार त्याआधीचा होता.

आपल्याकडे त्यात सरकारी ओझ्याची भर पडली. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली व्हिडिओ गेमवर यंत्रामागे शुल्क आकारले जाई, आणि परवान्यासाठी पोलिसांचे उंबरठे झिजवावे लागत ते वेगळेच. काही ठिकाणी व्हिडिओ गेमच्या नावाखाली चक्क जुगाराची यंत्रे चालत. धाडी त्यांच्यावर पडत, पण संशय शाळकरी मुलांच्या पार्लरवरही येई. कर्नाटकातल्या अशा यंत्रांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि १९९५ मध्ये न्यायालयाने परवान्याचे बंधन उचलून धरले. पार्लरमध्ये कधीही न गेलेल्या पालकांच्या मनात ‘गेम’ आणि ‘जुगार’ हे शब्द शेजारी शेजारी बसले ते त्या काळात.

तेवढ्यात घरेही बदलली. पूर्वी पार्लरमधले चित्र घरी टीव्हीला जोडायच्या खेळण्यापेक्षा इतके सरस असे की, त्यासाठी घराबाहेर पडणे भाग होते. १९९४ मध्ये निघालेल्या प्लेस्टेशनने हे अंतर जवळजवळ मिटवले. मग तासाच्या दराने प्लेस्टेशन खेळू देणारी दुकाने निघाली, आणि २००० नंतर कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंत काउंटर स्ट्राइक खेळणारी मुले जमू लागली. त्यापुढे भारनियमनाची वर्षे आली; भर दुपारी यंत्रे बंद, आणि भाडे मात्र चालू. ज्या खोलीत सहा यंत्रे दाटीवाटीने मावत, तिथे रिचार्जची कार्डे विकणाऱ्याचे टेबल अधिक कमवू लागले. मोबाइलला दोष द्यायचाच असेल, तर तो एवढ्यापुरता देता येईल.

आता मुलाबद्दल. जुन्या बोर्डाचे वागणे संगणकावर हुबेहूब वठवणाऱ्या प्रोग्रॅमला एमुलेटर म्हणतात; त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ‘मेम’ १९९७ पासून उपलब्ध आहे. आपण मुलाला दिलेला खेळ अशाच एखाद्या एमुलेटरवर चालत असणार. चित्र तेच, आवाज तोच. फक्त तिथे एक कळ दाबली की नाणे पडते आणि हवी तितकी नाणी फुकट मिळतात. मूळ खेळ रचला गेला तो नाणे संपण्याच्या धास्तीवर. लाइफ संपली की पडद्यावर ‘कंटिन्यू’ येऊन आकडे उलटे मोजले जात, आणि खिसा रिकामा असलेला मुलगा तेवढ्या सेकंदांत मागे वळून आपल्या दोस्ताच्या खिशाकडे बघे. ती धास्ती काढून घेतल्यावर तासभर गुंड बडवत जाणे उरते, आणि ते आपल्या चिरंजीवांना कंटाळवाणे वाटले यात त्यांचा दोष नाही. त्यांना दोनच नाणी द्या आणि आपण पाठीमागे उभे राहा. नाणी संपली की खेळ बंद, पुढचा डाव आपला. पाठीमागे उभे राहून न मागता सल्ले देण्याचा हक्क मात्र सोडू नका, कारण पार्लरमध्ये निम्मी गर्दी त्याच कामाला येत असे.

आपली एक आठवण तेवढी तपासून घ्यावी लागेल. त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर गुणांची यादी वीज असेपर्यंतच टिके. रात्री मालकाने मेन स्विच बंद केला की सगळी अक्षरे पुसली जात. दोन महिने पहिला क्रमांक राखण्यासाठी आपल्याला रोज संध्याकाळी जाऊन तो नव्याने मिळवावा लागला असणार. मुलाला हे अवश्य सांगा. त्याने आपली पत वाढेलच.

प्रश्न : माझा भाऊ रोज गेम पार्लरमध्ये जाई. मी एकदा त्याला बोलवायला गेले तर दारातूनच मला परत पाठवले, आणि घरी बोलणी खाल्ली ती मीच. आता सगळे ‘आपल्या सर्वांचे बालपण’ म्हणून त्या आठवणी काढतात तेव्हा राग येतो. हे खेळ मुलींसाठी नव्हतेच का? — एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आपला राग रास्त आहे. मी कामासाठी ज्या पार्लरमध्ये जात असे, त्यांत खेळणारी मुलगी मला क्वचितच दिसली. दाराला जाड गडद पडदा असे. त्याचे कारण तसे साधे होते, बाहेरचा उजेड पिक्चर ट्यूबच्या काचेवर पडला की चित्र दिसत नाही. पण त्या पडद्यामुळे आत काय चालते ते रस्त्यावरून कळत नसे, आणि जे कळत नाही त्यावर आयांचा विश्वास बसत नसे. आत मोठ्या मुलांच्या सिगारेटचा धूर, शिव्या आणि शाळा बुडवून आलेली टोळकी असत, हेही हळहळ व्यक्त करणारे सहसा सांगत नाहीत.

खेळ करणाऱ्यांना मात्र ही उणीव फार लवकर कळली होती. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये ‘पॅकमॅन’ आणला तो याच हेतूने. परग्रहावरच्या शत्रूंना गोळ्या घालण्याच्या खेळांनी गेम सेंटर पुरुषांचा अड्डा बनली होती. तिथे मुली आणि जोडपीही यावीत म्हणून त्यांनी खाण्यावर बेतलेला खेळ योजला आणि त्यातली भुतेसुद्धा गोंडस केली. मुस्तफाच्या चौघांतही हॅना नावाची नायिका आहे. शालिमारच्या मुलांना ती इतर कोणी शिल्लक नसेल तेव्हाच आठवे.

नाशिकमध्ये मुली या यंत्रांपुढे मोठ्या संख्येने आल्या त्या मॉल झाल्यावर. तिथल्या गेम झोनमध्ये लख्ख उजेड असतो आणि आईवडील सोबत असतात. कार्डात पैसे भरून खेळायचे, बाहेर पडणारी तिकिटे गोळा करायची आणि त्यांवर बक्षीस घ्यायचे, अशी तिथली रीत आहे. जुने खेळाडू या तिकिटांच्या खेळांना नाके मुरडतात, आणि खेळ म्हणून ते उथळ आहेत हे मलाही मान्य आहे. तरीही माझ्या नातीला मी तिथे निःशंक मनाने घेऊन जातो. त्या काळच्या पार्लरमध्ये मी माझ्या मुलीला पाठवले नव्हते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे छोटे पार्लर होते, ते २००३ मध्ये बंद झाले. परवा माळ्यावर एक हिरवा बोर्ड सापडला, त्याच्या एका कडेला सोनेरी पट्ट्या आहेत. तो चालू होईल का? की विकून टाकावा? — एक वाचक, सातपूर

उत्तर : घाईने वीज देऊ नका. आधी त्या सोनेरी पट्ट्या मोजा. दोन्ही बाजूंना २८ प्रमाणे एकूण ५६ भरल्या तर ती बहुधा ‘जामा’ जोडणी असेल. जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या मध्यास ती ठरवून दिली, आणि तिच्यामुळेच मालकांना यंत्राचे कपाट, पडदा आणि बटणे तीच ठेवून नुसता बोर्ड बदलून नवा खेळ लावता येऊ लागला. पट्ट्या काळवंडल्या असतील तर पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा. बोर्डाला स्थिर ५ व्होल्ट लागतात, आवाजासाठी १२ व्होल्ट. कनेक्टर उलटा बसला तर चिपा जळू शकतात, म्हणून कनेक्टरमधली अडसराची खूण बोर्डावरच्या खाचेशी जुळते का ते दोनदा पाहा.

बोर्डावर लहान बॅटरी दिसली तर ती स्वतः काढू नका. कॅपकॉमच्या त्या दशकातल्या काही मूळ बोर्डांवर प्रोग्रॅम उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकणाऱ्या मेमरीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की बोर्ड मुका होई. आता जाणकार लोक असे बोर्ड पुन्हा जिवंत करतात, पण ते घरी करण्याचे काम नाही. माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक मुस्तफा नकली बोर्डांवरचे होते आणि त्यांत अशी बॅटरी नसे. नक्कल करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकले होते, त्यामुळे पुष्कळदा अस्सल बोर्ड मरतो आणि नकली चालत राहतो.

पडद्याचे काम सर्वांत जिकिरीचे. या बोर्डांचे चित्र सुमारे १५ किलोहर्ट्झच्या गतीने आखले जाते आणि हल्लीचे मॉनिटर ते सहसा थेट स्वीकारत नाहीत, मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो. वडिलांच्या पार्लरमधल्या यंत्राच्या कपाटातला मॉनिटर कुठे पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. ट्यूब नवी मिळणे आता जवळपास अशक्य आहे. तो मात्र स्वतः उघडू नका, कारण बंद ठेवलेल्या ट्यूबमध्येही विजेचा धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

बोर्डाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तो अस्सल आहे की नकली, आणि खेळ कोणता, एवढे त्यावरून सांगता येईल. विकण्याचे त्यानंतर ठरवा, आणि वडिलांना विचारून ठरवा.